पिहाओचं नाक

पिहाओ गावात माणसाला टोपणनाव एकदा चिकटलं की ते थडग्यापर्यंत सोबत जातं. पार टक्कल पडलेल्या न्हाव्याला अजून 'कुरळ्या' म्हणतात. तरुणपणी एकदाच डुक्कर चोरलेला एक गृहस्थ हल्ली दर रविवारी चर्चमध्ये दानाची थैली फिरवतो, आणि थैलीत हात घालताना लोक त्याला हळूच "काय डुकऱ्या" म्हणतात. त्या मानाने एवेलिओ आर्बेलाएसचं बरं होतं. त्याला सगळे 'नाक' म्हणत.

नाक दिसायला साधंच होतं, जरा डावीकडे कललेलं. पण त्याचं गॅरेज गावात शिरणाऱ्या रस्त्याच्या वळणावर, आणि डोंगरातल्या वाड्यांवरून कॉफीची पोती, केळीचे घड आणि माणसं लादून उतरणाऱ्या साऱ्या जुन्या जीप तिथूनच जायच्या. चालवणाऱ्यांपेक्षा वयाने मोठ्या गाड्या. एवेलिओ कुठल्यातरी बॉनेटमध्ये वाकलेला असायचा. मान वर न करता तो म्हणायचा, "गिल्दार्दो, कार्बोरेटर ओकतोय तुमचा." गिल्दार्दो हसून पुढे जायचा आणि संध्याकाळी दोरीला बांधलेला परत यायचा.

गावच्या जत्रेत तर खेळच असे. ड्रायव्हर त्याच्या डोळ्यांना रुमाल बांधायचे आणि रांगेत उभ्या केलेल्या जीपपुढून त्याला चालवत न्यायचे. ही कुणाची, हिने काल ओली कॉफी वाहिली की डुकरं, हिचं ऑइल कधीचं, असं तो नुसतं हुंगून सांगायचा. एका वर्षी एका गाडीत तिच्या मालकिणीचं नसलेलं अत्तर आहे असंही त्याने सांगितलं. तेव्हापासून पाद्रीबाबांच्या विनंतीवरून खेळ फक्त इंजिनापुरता ठेवला गेला.

मग त्या तापाच्या वर्षी गावातल्या बऱ्याच लोकांचा वास गेला. पुढे एकेकाचा परत आला. एवेलिओचा आला नाही.

ऐकू न येणाऱ्याला बहिरा म्हणतात, न दिसणाऱ्याला आंधळा. ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी पिहाओत शब्द नाही. शब्द नाही म्हणजे दुखणं नाही, आणि जे दुखणंच नाही ते सांगायचं कसं? एवेलिओने सांगितलं नाही. आधी तो वाट बघत राहिला. चुलीवर गुळाचं पाणी करपून बहीण नुबिया ओरडत आली आणि शेजारीच बसलेल्या याने चकित होऊन वर पाहिलं, तेव्हापासून त्याने वाट बघणं सोडलं आणि लपवणं सुरू केलं. एखाद्याने म्हातारपणी जुगाराचा नाद लपवावा तसं.

लपवणं त्याला जमलंही. जत्रेच्या दिवशी नेमकी त्याची कंबर धरायची. पूर्वी तो गिऱ्हाइकाला तोंड उघडू द्यायचा नाही. आता त्यांच्या नाकपुड्यांकडे लक्ष ठेवून नम्रपणे विचारायचा, "तुम्हाला कुठून येतो असं वाटतं?" उतारवयात माणूस किती निवळतो याचा दाखला म्हणून पाद्रीबाबांनी ते प्रवचनात घातलं. घरी तो रोज कॉफीचा कप उचलून म्हणायचा, "आज जरा जास्त भाजलीय." नुबिया लगेच दुकानदाराला शिव्या द्यायची. तिचा भाऊ चुकेल हे तिच्या मनातही यायचं नाही, आणि तिच्या त्या विश्वासाने तो कप संपेपर्यंत मान खाली घालून बसायचा.

अशात एके दिवशी लिबार्दो ओसोरिओ गाडी घेऊन आला.

लिबार्दो त्याचा कोंपादरे. म्हणजे लिबार्दोच्या मुलीच्या, युरानीच्या, बाप्तिस्म्याला तिला हातावर घेऊन धर्मपिता म्हणून एवेलिओ उभा राहिला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांना याच नावाने हाक मारत. सख्ख्या भावाशी भांडलेलं पिहाओत चालतं, त्याला गंडवलेलंही खपतं. कोंपादरेच्या बाबतीत दोन्ही चालत नाही. लिबार्दोच्या जीपचं नाव 'ला मिमादा', म्हणजे लाडावलेली. सकाळी वरच्या वाडीतली पोरं शाळेला खाली आणायची आणि दुपारी परत न्यायची, हे तिचं काम. युरानी त्यांतलीच एक.

"कोंपादरे, ही रुसलीय," लिबार्दो म्हणाला. "उभी केली की थरथरते आणि बंद पडते. चोक ओढून ठेवला तरच चालते. वायपर झोपलेत. आणि पेट्रोलचा वास मारते."

"वायपर इंजिनाच्या ओढीवर चालतात. चढावर पाय दाबलात की ओढ जाते, ते झोपणारच."

"हे मला माझ्या बापाने सांगितलंय. आता उतारावरही झोपतात."

एवेलिओने इंजिन चालू करायला लावलं. रबरी नळीचा एक तुकडा घेऊन त्याचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक मॅनिफोल्डभोवती, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांभोवती, हळूहळू फिरवलं. कान अजून शाबूत होते. वायपरकडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या, म्हणजे ओढीच्या, पाइपाशी, जिथे तो पत्र्याला घासत जातो तिथे, बारीक फुस्स ऐकू आलं, साप निजेत कूस बदलतो तसं. त्याने तिथे बोट दाबलं. इंजिनाची थरथर थांबली. बोट काढलं, परत सुरू.

"एअर घेतेय," तो म्हणाला. "नळी चिरलीय. जादा हवा आत जाते, म्हणून ती उभ्यावर मरते. ती मरू नये म्हणून तुम्ही चोक ओढता, मग पेट्रोल जास्त जातं आणि वास मारतो."

हे सगळं बरोबर होतं. त्याने नळी बदलली. चोक आत ढकलूनही गाडी मांजरीसारखी गुरगुरत उभी राहिली. वायपर पाऊस नसताना पळायला लागले.

"आता एवढा वास बघा," लिबार्दो म्हणाला.

या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते. त्यावर करता येण्यासारखे सगळे विनोद गावात करून झाले आहेत. एवेलिओने सीटची गादी काढली, गुडघे टेकले, डोळे मिटले आणि जत्रेत घ्यायचा तसा लांब श्वास घेतला. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. लिबार्दो टोपी हातात घेऊन उभा होता, डॉक्टरपुढे उभं राहतात तसा. सांगायचंच असतं तर ती वेळ होती. एवेलिओने टाकीवरून आणि खालून हात फिरवला. हात कोरडा आला.

"टाकी कोरडी आहे," तो म्हणाला. "वास चोकचा होता. गादीत मुरलाय, उन्हात टाका."

हात कोरडा आला हे खरंच होतं. पण त्याने पाहिलं हाताने आणि खपवलं नाकाच्या नावावर. गाडी सपाट जागी उभी होती आणि टाकी अर्धीही भरलेली नव्हती, हे त्याला दिसत होतं. एरवी टाकी भरून, तिरकी करून बघायची गरज नसायची. एरवी नाक सांगायचं.

लिबार्दोने गादी चर्चच्या पायऱ्यांवर वाळवली. वास गेला नाही. तो इतर कुठल्याही मेकॅनिकने बघितलेला असता तर लिबार्दो परत आला असता. पण हे पिहाओचं नाक होतं. कुणी कुरकुर केली की लिबार्दो म्हणायचा, "माएस्त्रोंनी स्वतः हुंगलंय." माएस्त्रो म्हणजे उस्ताद. एवढ्यावर विषय मिटायचा. शाळेच्या बाईंना वाटलं, आपल्यालाच सर्दी झाली असावी. गिल्दार्दो एकदा म्हणाला, "मला तर येतोय बुवा," तर चौकात सगळे त्याला हसले. त्याचं नाक ते काय, आणि माएस्त्रोंचं काय. वर जाताना एका बाईला गरगरलं. ती उपाशीपोटी निघाल्यामुळे गरगरलं असं ठरलं. युरानीने घरी तक्रार केली तेव्हा तर लिबार्दो तिला रागावला. धर्मपित्याबद्दल असं बोलतात का?

एवेलिओच्या कानावर यातलं काही येत नव्हतं. आलं ते एवढंच, की लिबार्दो त्याचं फार कौतुक करत असतो.

पुढच्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी दोन्या रुबिएला, म्हणजे रुबिएलाबाई, गॅरेजच्या दारात उभी राहिली. रुबिएला काळ्या चिरुटाच्या राखेत लोकांची लग्नं, खटले आणि हरवलेल्या गायी बघायची. धंदाच तो असल्यामुळे तिच्या अंगाला कायम तंबाखूचा वास असतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"या, बसा," एवेलिओ म्हणाला.

ती बसली नाही. त्याच्याकडे बघत बघत पुढे आली आणि परपुरुषाच्या बाई उभी राहत नाही इतकी जवळ येऊन थांबली.

"काही जाणवतं?"

"काय जाणवायचं?"

तिने खांद्यावरच्या शालीचं टोक त्याच्या नाकाशी धरलं. "हुंगा."

त्याने डोळे मिटले. श्वास घेतला. जरा वेळ लावला, दर्दी माणूस लावतो तेवढा. "तंबाखू," तो म्हणाला. "आणि हलका. दुकान बदललंत वाटतं."

रुबिएलाने शाल खाली सोडली.

"एवेलिओ, मी आत्ता मिमादातून उतरतेय. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले होते, शाल खाली लोळत होती. सकाळी वर जाताना चढावर पायाशी ओल आली. सकाळपासून मी चिरूट पेटवलेला नाही, शालीसकट पेटेन म्हणून. चौकातून इथवर येताना माणसं वळून वळून बघत होती, आणि ते काही माझ्या रूपामुळे नव्हे."

एवेलिओने हातातला पाना खाली ठेवला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तापापासून."

"आणि मला वाटायचं, गावात लोकांना मीच फसवते," रुबिएला म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"गाडी कुठाय?"

"चौकात. पोरं भरतायत. उद्या पंप बंद म्हणून लिबार्दोने टाकी गळ्यापर्यंत भरून घेतलीय."

एवेलिओ नळावर गेला आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागला. साबण परत घेतला. नखांतलं काळं काढू लागला.

"हातांना काही झालेलं नाही तुमच्या," रुबिएला मागून म्हणाली. "जा."

गॅरेज ते चौक हा रस्ता चढाचा आहे, आणि त्या चढात त्याने बऱ्याच सबबी तयार केल्या. चौकात ला मिमादा उभी होती. आत पोरं, दप्तरं आणि कोंबड्यांची एक टोपली. मागच्या पायरीवर उभ्याने लटकायला तयार झालेला गिल्दार्दो, त्याची स्वतःची गाडी नेहमीप्रमाणे बंद होती. त्याच्या कानावर सिगारेट होती. युरानी ड्रायव्हरच्या बरोबर मागे बसली होती, बाप दिसावा म्हणून.

"कोंपादरे, जरा ब्रेक बघू द्या," एवेलिओ म्हणाला.

"ब्रेक जत्रेआधीच बघितलेत तुम्ही."

"मग व्हॅक्यूमची क्लिप. ढिली राहिली असेल."

"वायपर नुसते उधळलेत. आता पाऊसच यायचा बाकी आहे."

"माणसं उतरवा, लिबार्दो."

"झालंय काय?"

गिल्दार्दोने कानावरची सिगारेट ओठांत धरली आणि खिसे चाचपायला लागला. एवेलिओने पुढे होऊन ती त्याच्या तोंडातून काढून घेतली. हे इतकं अचानक झालं की गिल्दार्दोचे ओठ तसेच राहिले.

"मला वास येत नाही," एवेलिओ म्हणाला.

"तेच तर मी सगळ्यांना सांगतोय," लिबार्दो खूश होऊन गाडीतल्यांकडे वळला. "ऐकलंत ना? माएस्त्रोंना येत नाही म्हणजे नाहीच आहे."

"पेट्रोलचा नव्हे. कशाचाच येत नाही. तापापासून. तुमच्या गाडीत मी नाक खुपसलं, पण मला काही कळलं नव्हतं."

मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच. जत्रा जवळ नव्हती, पण नाकाने थट्टा करायला जत्राच कशाला हवी. कुरळ्या दुकानातून बाहेर आला. बारमधले लोक कप घेऊनच आले. "उद्या मी म्हणेन मला केस आहेत," कुरळ्या म्हणाला.

तेव्हा एवेलिओने खिशातलं ग्रीसचं फडकं काढलं आणि स्वतःच स्वतःच्या डोळ्यांवर बांधलं.

"आणा काय आणायचं ते."

त्यांनी पहिल्यांदा आणली बारमधली ताजी दळलेली कॉफी. "माहीत नाही," तो म्हणाला. लोक खिदळले, काय नाटक करतो माणूस. मग बडीशेपेच्या दारूचा पेला आणला, ज्याच्या वासाने डोळ्यांत पाणी येतं. "माहीत नाही." या वेळी कमी लोक हसले. तिसऱ्या वेळी गिल्दार्दो, सिगारेट हिसकावल्याचा राग मनात ठेवून, रस्त्याच्या कडेचं घोड्याचं ताजं शेण पुठ्ठ्यावर घेऊन आला आणि अगदी नाकाला टेकेल असं धरलं. त्यापुढे डोळे बांधलेला माणूसही मान मागे घेतो. एवेलिओने लांब श्वास घेतला. मान हलली नाही.

"ही कॉफी का?" त्याने विचारलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. चौकातल्या सगळ्यांची तोंडं मिटली. फडक्याच्या आड एवेलिओ कान देऊन उभा राहिला. मग ला मिमादाच्या स्प्रिंगचे पाटे करकरले. एक माणूस उतरला. पाटा जरा वर आला. आणखी एक. मग पोरं, एकेक, हलकी. कोंबड्या. प्रत्येक उतरणारं वजन तो ओळखत होता, आणि फडकं सोडायची हिंमत त्याला होत नव्हती.

"खरं सांगायचं तर मला पहिल्यापासून येत होता," एक बाई म्हणाली.

"मलाही."

"मी म्हटलंच होतं," गिल्दार्दो म्हणाला, आणि ते खरं होतं.

अशा रीतीने त्या दुपारी पिहाओच्या चौकात पेट्रोलचा वास एकदम सुटला, आणि तो सगळ्यांना कधीपासूनच येत होता असं निघालं. शाळेच्या बाईंची सर्दी जागच्या जागी बरी झाली.

एवेलिओने फडकं काढलं. समोर लिबार्दो होता आणि त्याच्या पँटला धरून युरानी.

"मी सांगितलं होतं," ती बापाला म्हणाली. "तुम्ही ओरडलात."

लिबार्दोने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो एवेलिओकडे न बघता त्या मोकळ्या झालेल्या बाकाकडे बघत होता. मग म्हणाला, "तुमच्या नाकावर विसंबून मी हिला इथे बसवलं."

चढ चढताना जमवलेल्या सबबींपैकी एकही आता हाताशी नव्हती. एवेलिओ म्हणाला, "टाकी काढावी लागेल."

गाडी चालू न करता लोकांनी ती हाताने रेटत गॅरेजपर्यंत उतरवली. जी माणसं जत्रेत त्याला खांद्यावर घ्यायची तीच होती. सगळे त्याच्याशी इतके सांभाळून वागत होते की त्यापेक्षा एखाद्याने थुंकलं असतं तर बरं.

टाकीतलं पेट्रोल काढून ती साबणाच्या पाण्याने धुतली, पाणी भरलं आणि चढावर असते तशी मागची बाजू खाली करून तिरकी ठेवली. शाळेच्या बाईंनी दिलेल्या खडूची पूड एवेलिओने साऱ्या पत्र्यावर भुरभुरवली. नाक नसलेल्या माणसाची ही पद्धत त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती. पण पूड मागायला गेलं की कशाला हवी ते सांगावं लागलं असतं. मागच्या कोपऱ्यात, टाकी बांधून ठेवणाऱ्या पट्टीखाली, पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली आणि हळूहळू जाड झाली. पट्टीखालच्या जाड लोकरी नमद्याने वर्षानुवर्षं पाणी धरून टाकीच्या पत्र्याची शिवण खाल्ली होती. त्याने ती घासली, कथलाची झाळ मारली, परत पाणी भरलं, परत खडू लावला. पूड पांढरी राहिली.

लिबार्दो गाडी न्यायला आला तेव्हा युरानीही होती. टाकी बसवलेली होती, भरलेली होती, आणि गाडी मुद्दाम उतारावर उभी केलेली होती.

"बघून घ्या," एवेलिओ म्हणाला.

लिबार्दोने वाकून श्वास घेतला. "ठीक आहे, माएस्त्रो."

कोंपादरे म्हणाला नाही. माएस्त्रो हा शब्द कुणालाही चालतो, घोड्याला नाल ठोकणाऱ्यालाही. एवेलिओने ते ऐकलं आणि युरानीकडे वळला.

"तू हुंग."

तिने आधी बापाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग ती सीटपाशी गुडघे टेकून बसली, डोळे मिटले, जत्रेत धर्मपित्याला पाहिलं होतं अगदी तसा लांब श्वास घेतला, आणि जरा वेळाने म्हणाली, "थोडासा येतोय."

एवेलिओने पट्टीचे बोल्ट सोडले, टाकी परत खाली घेतली, परत खडू लावला. तिघं बघत उभी राहिली. पूड पांढरी होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. टाकी खरोखरच कोरडी होती. उरलेला वास कशाचा हे त्याला कळलं, नाकाशिवाय. गादीत मुरलाय, उन्हात टाका, हे वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं. या वेळी ते खरं होतं. पण ते वापरून झालेलं होतं.

त्याने सीटची गादी उचलली, छातीशी धरून बाहेर नेली आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर उन्हात ठेवली. मग शेजारी उभा राहिला. वरून एक जीप उतरत आली, वळणावर हळू झाली.

"काय नाक, गादी वाळवताय?" ड्रायव्हरने विचारलं.

"हो," एवेलिओ म्हणाला.

जीप गेली. तिने काय वाहिलं होतं ते त्याला कळलं नाही. थोड्या वेळाने त्याने गादी उलटी केली आणि आत वळून हाक मारली.

"युरानी. जरा येऊन बघ."